पायाच्या ऑर्गनची दुरुस्ती: पाच आठवडे म्हणाले, अकरा लागले

आमच्या ख्रिस्ती मंडळीचा पायाचा ऑर्गन पुण्याहून दुरुस्त करून आणला. ओळखीतल्या तीन-चार जणांनी विचारलं, म्हणून लिहिते. कारागिराचं नाव देत नाही, कारण त्यांनीच हात जोडले, "बाई, आधीच चौदा पेट्या अंगावर पडल्यात." पुण्यातल्या जुन्या पेटीवाल्यांकडे "पायपेटी कोण करतं?" असं विचारत गेलात तर सापडतील.

मी निवृत्त शिक्षिका, नगर जिल्ह्यातल्या मंडळीत 43 वर्षं ऑर्गन वाजवते. माझ्याआधी पपा वाजवायचे. पगार वगैरे काही नाही. नाताळात साडी आणि केक मिळतो, गेल्या वर्षी नुसता केक. रविवारची उपासना, प्रभुभोजन, लग्नं, माती, सगळीकडे मी लागते. माझ्याच लग्नात पपांना रडू आवरेना, तेव्हा शेवटचं गीत शालू सावरत मीच वाजवलं होतं. तर माझं म्हणणं थोडं पक्षपाती वाटलं तर समजून घ्या.

ऑर्गन एस्टी (Estey) कंपनीचा, अमेरिकेतल्या व्हरमाँटमधल्या ब्रॅटलबरो गावचा. या कंपनीने असे पाच लाखांहून जास्त ऑर्गन बनवले आणि 1960 मध्ये गाशा गुंडाळला. तेव्हा सुटे भाग कुठून मिळणार? शिवाय आपल्या पेटीत भाता हवा सुरांवर, म्हणजे आवाज काढणाऱ्या पितळी पट्ट्यांवर, ढकलतो, यात उलटं: पायाने दाबलं की आतली हवा खेचून काढली जाते आणि बाहेरची हवा सुरांमधून आत येते. हे ज्याला माहीत नाही त्याच्या हाती हे वाद्य देऊ नये. आम्ही दिलं होतं. नऊ वर्षांपूर्वी एकाने भात्याला जाडजूड रेक्झिन लावलं, तेही पांढऱ्या गोंदाने. भाता नीट मिटेना की उघडेना. चार कडव्यांचं गीत झालं की माझ्या पोटऱ्यांत गोळे यायचे.

मधल्या काळात तरुण संघाने कीबोर्ड घेतला. त्याच्याशी माझं वैर नाही, तोही मीच वाजवते. पण उत्तम शुक्रवारी (गुड फ्रायडेला) तीन तासांच्या उपासनेत वीज गेली आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, तेव्हा पंचांनी ऑर्गनच्या दुरुस्तीचा ठराव एका बैठकीत मंजूर केला.

पुण्याला पोचवल्यावर या कारागीर दादांनी स्क्रूड्रायव्हरला हात लावला नाही. स्टूल पुढे सरकवलं आणि म्हणाले, "रविवारी वाजवता तसं वाजवा." मी आधी एकाच वेळी चार सूर वाजतील असं बांधलेलं एक विलायती चालीचं गीत वाजवलं, मग नारायण वामन टिळकांचं एक. टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंग-ओवीच्या घाटात लिहिली. ती वाजवताना मी डावा हात जवळजवळ उचलूनच घेते. दादांनी कारण विचारलं. म्हटलं, अभंगाला चार सूर लावले की तो बूट घालून कीर्तनाला उभा राहिल्यासारखा वाटतो. ते हसले आणि मग कुठले सूर धुळीने बसले असतील हे न उघडता सांगितलं. उघडल्यावर तसंच निघालं. त्यांचे आजोबा नाटक कंपन्यांचे ऑर्गन दुरुस्त करत. नाट्यसंगीताने हे वाद्य कधीच आपलंसं केलंय. ऑर्गन-हार्मोनियम वाजवणाऱ्या गोविंदराव पटवर्धनांचा विषय निघाला आणि आमचा एक तास गेला.

पांढरा गोंद खरवडण्यातच दोन आठवडे गेले म्हणे. स्वतः ते सरस वापरतात. ऊन पाण्याने तो सुटतो, म्हणजे "पुढच्या कारागिराने आपल्याला शिव्या घालू नयेत." दोन संचांचे मिळून 122 पितळी सूर. प्रत्येक आकड्याने ओढून काढला, ब्रशने साफ केला. दोन तुटलेले होते, ते एका मोडीत निघालेल्या ऑर्गनमधून घातले. हार्मोनियमचा सूर त्या खाचेत बसत नाही. सुराचं टोक किंचित घासलं की तो चढतो, मुळाशी घासलं की उतरतो, हे मला समोर करून दाखवलं. तरुण संघाचा आग्रह होता की ऑर्गन कीबोर्डच्या पट्टीत आणा, म्हणजे दोन्ही एकत्र वाजतील. दादांनी साफ नाही म्हटलं. जुनं पितळ तेवढं घासलं तर तुटेल. मुलं नाराज झाली, मला मात्र माणूस तिथेच पटला.

आत उंदराचं घरटं होतं. 'उपासना संगीत' या आमच्या गीतपुस्तकाची पानं कुरतडून केलेलं. एका तुकड्यावर गीताचा नंबरसुद्धा वाचता येत होता. शिवाय माझ्या सहा पिना, चार आण्यांचं नाणं आणि पपांची निळी पेन्सिल. सगळं पाकिटात घालून परत दिलं. उंदराचं घरटंसुद्धा!

आता तक्रारी. पाच आठवडे सांगून अकरा लावले. फोन दहापैकी दोन वेळा उचलतात. नाताळ हुकला, त्या रात्रीची उपासना कीबोर्डवर काढली. व्हॉक्स ह्युमाना हा खटका ओढला की आत हवेवर एक पातं फिरतं आणि आवाजाला कंप येतो. ते चार दिवस फिरलं, आता पुन्हा अडकलंय. डावा पायटा नेमका मूक प्रार्थनेत करकरतो. खर्च 38,500 रुपये, टेम्पोचे जाऊन-येऊन 7,000 वेगळे. पावती कॅलेंडरच्या पानामागे लिहून दिली, ती हिशेबात घ्यायला खजिनदार अजून कुरकुरतोय. पाचपैकी चार तारे. पातं फिरलं तर साडेचार.

पाठवणार असाल तर पावसाळ्याच्या आधी पाठवा. दमट हवेत लाकूड फुगलं की झडप अडकते आणि एखादा सूर बोट काढलं तरी बोंबलत राहतो.

माझा स्वतःचा प्रश्न वेगळाच झालाय. भाता आता हवा धरतो, हलक्या पायाने भागतं. पण नऊ वर्षं लाथा मारायची सवय. पहिल्याच रविवारी उपासना संपल्यावर पाळक जवळ येऊन म्हणाले, "बाई, आवाज फार गोड येतोय. फक्त ती धपधप तेवढी मागच्या बाकापर्यंत ऐकू येते." आता रोज संध्याकाळी अर्धा तास जाऊन नुसता पाय मारते.