हातात रेकॉर्डर की कानात माइक? जुन्या नाशकात आवाज टिपताना

फिरता फिरता गल्लीतले आवाज टिपायचे म्हणून काही घ्यायच्या विचारात असाल, तर वाटा साधारण तीन. खिशातला फोन, हातात धरायचा छोटा रेकॉर्डर, किंवा त्याच रेकॉर्डरला जोडून कानात घालायचे दोन बारीक माइक. मी तिन्ही करून बसलोय, आणि बहुतेक एकाच पट्ट्यात. रविवार कारंजा, भांडी बाजार, सराफ बाजार, तिथून उतरून गंगेवर. (बाहेरगावच्यांसाठी, आम्ही गोदावरीला गंगाच म्हणतो.) रानातले पक्षी किंवा गाण्याची बैठक टिपणाऱ्यांना माझं म्हणणं कितपत लागू पडेल, सांगता येत नाही.

फोनचं आधी उरकतो. फोन वाईट नाही, पण तो माणसाचं बोलणं पकडण्यासाठी बनवलेला आहे. बाकी सगळं त्याला अडथळा वाटतं. जुन्या तांबट लेनजवळ एका घराच्या मागच्या पडवीत अजून तांब्याच्या घंगाळावर मठारकाम चालतं. एका सकाळी फोन कठड्यावर ठेवून दहा मिनिटं टिपलं. घरी ऐकलं तर हातोडीचा घाव पडला की फोन घाबरून सगळा आवाज खाली ओढतो, आणि दोन घावांच्या मधल्या फटीत पंख्याची घरघर, पारवे, लांबची स्कूटर हे सगळं भस्सकन वर येतं. पुन्हा घाव, पुन्हा खाली. तांबट ठोकतोय आणि बाजूला कुणीतरी धापा टाकतंय, असं वाटत राहतं. अँड्रॉइडमध्ये 2016 साली, सातव्या आवृत्तीपासून, प्रक्रिया न केलेला कोरा आवाज घेण्याची सोय आली. काही अ‍ॅप ती वापरतातही. पण तुमच्या फोनच्या कंपनीने ती नीट दिलीय का, हे टिपून बघितल्याशिवाय कळत नाही. त्यात ऐन वेळी कर्जवाल्या बाईंचा फोन येतो. असो. सवय लागेपर्यंत फोन ठीक आहे, महिनाभर त्याच्यावरच काढा.

म्हणजे खरा प्रश्न उरतो तो पुढच्या दोघांचा.

माझ्याकडे झूम कंपनीचा एच-1 एन रेकॉर्डर आहे, त्या जातीतला साधासुधा. दोन बारीक (ट्रिपल-ए) पेन्सिल सेल, वर एकमेकांना छेद देणारे दोन माइक, आणि वाऱ्यासाठी केसाळ टोपरं. 48 किलोहर्ट्झ, 24 बिट या दर्जाला मिनिटाला साधारण 17 एमबी, म्हणजे 32 जीबीच्या कार्डात तीस तास मावतात. एवढं आपल्याकडून फिरणं होत नाही. आवाज स्वच्छ येतो. समोर धरलं की समोरचं चित्र चांगलं उभं राहतं. कपालेश्वराच्या पायऱ्यांखाली उभं राहून टिपलेली संध्याकाळची आरती मी अजून ऐकतो, त्यातली झांज अगदी जागच्या जागी वाजते. बोटं हलली की ‘खरर्’ येतं हे खरं, पण पंधरा दिवसांत हात शिकतो. अलीकडच्या मॉडेलमध्ये 32 बिट फ्लोट ही टिपण्याची पद्धत आल्यामुळे आवाजाची पातळी आधी जुळवायची कटकटही गेली. कागदावर बघाल तर इथेच निकाल लागायला हवा होता.

माझा निकाल लागला तो त्या केसाळ टोपऱ्यामुळे.

गणेशोत्सवाच्या आधी ढोलपथकांचे सराव चालू असतात. नाशिक ढोल टिपायचा म्हणून एका संध्याकाळी मैदानाच्या कडेला रेकॉर्डर छातीशी धरून उभा राहिलो. चाळीसेक सेकंद झकास गेले. मग रेकॉर्डिंगमध्ये एक ढोल सुटतो, मग दुसरा, मग कुणीतरी दबक्या आवाजात म्हणतं, “ए थांबा रे, थांबा.” ताशाने दोन टिपऱ्या जास्त मारल्या आणि तोही गप. एक पोरगा पळत आला. “साहेब, दहाच्या आत बंद करतो आम्ही रोज. विचारा हवं तर कुणालाही.” त्यांना मी डेसिबल मोजायला आलेला वाटलो होतो. नियम 2000 सालचे आहेत, रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलची मर्यादा आहे, आणि ती पोरांना माझ्यापेक्षा जास्त पाठ होती. मी साहेब नाही हे पटवण्यात पाच मिनिटं गेली. नंतर ते वाजवायला लागले, पण माझ्याकडे बघत, जरा सांभाळून. सांभाळून वाजवलेला नाशिक ढोल टिपून करायचंय काय?

एकदाचं असतं तर सोडून दिलं असतं. सराफ बाजारात एकाने विचारलं, “रुंदीकरणाचं मोजताय का?” 2027 चा कुंभ जवळ येतोय तसा जुन्या नाशकात हातात यंत्र घेऊन उभा राहणारा माणूस म्हणजे घरावर खूण करायला आलेलाच, असं लोक धरून चालतात. त्यांचंही चुकत नाही. तर बुधवारच्या बाजारात मेथीवाल्या मावशींनी ओरडणं थांबवून विचारलं, “दादा, उंदीर धरलाय का हातात?” शेजारच्या चौघी हसल्या. पुढची दहा मिनिटं माझ्याकडे जे आहे ते उंदरावरच्या गप्पांचं रेकॉर्डिंग आहे. छान आहे, पण मला हवी होती ती “दहाला जुडी, दहाला जुडी” ही त्यांची चढती हाळी. ती त्या दिवशी काही परत आली नाही.

टोपरं काढून बघितलं. मग गंगेवरचा वारा थेट माइकवर आदळतो आणि पाण्याऐवजी कुणी गोधडी झटकतंय असं ऐकू येतं. रेकॉर्डर पिशवीत ठेवून बघितला, तर पिशवीच वाजते.

कानातले माइक घेतले ते या वैतागातून. दिसायला साधे इयरफोन. वायर शर्टाच्या आतून, रेकॉर्डर खिशात. बाजारात कुणी ढुंकूनही बघत नाही, कारण अर्ध्या बाजाराच्या कानात तेच आहे. मावशींची हाळी पहिल्याच बुधवारी मिळाली, तागडीचा खणखणाट आणि जुडी पाण्यात बुचकळून झटकल्याच्या शिंतोड्यांसकट.

त्यांचा दुसरा गुण मला नंतर कळला. आपल्या दोन कानांत जेमतेम 15 ते 18 सेंटिमीटर अंतर, मध्ये डोकं. डावीकडचा आवाज उजव्या कानाला सेकंदाच्या हजाराव्या भागाहूनही कमी उशिराने पोचतो, थोडा दबून पोचतो, आणि मेंदू बरंचसं त्यावरूनच दिशा ओळखतो. माइक कानातच असले की हा हिशेब जसाच्या तसा टिपला जातो. कॅनडात, व्हँकुव्हरजवळच्या सायमन फ्रेझर विद्यापीठात, आर. मरे शेफर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1970 च्या आसपास शहरांचे आवाज टिपायला सुरुवात केली. एखाद्या गावाची ओळख असलेल्या आवाजाला त्यांनी ‘साउंडमार्क’ म्हटलं. नाशकात तसा आवाज कोणता म्हटलं की लोक नारोशंकराच्या देवळातल्या घंटेचं नाव घेतात. मला रोज ऐकू येते ती मात्र घंटागाडी. मागच्या गल्लीत आहे तोवर नुसती कुणकुण, कोपऱ्यावर वळली की गाणं स्पष्ट, मग पाठीमागून डाव्या खांद्यावरून पुढे जाते, आणि तेवढ्यात वरच्या मजल्यावरून कुणीतरी “थांबा हो!” म्हणून ओरडतं. रेकॉर्डरवर ती नुसती मोठी होऊन लहान होते. कानातल्या माइकवर ती मागून येते. हेडफोन लावून बायकोला ऐकवलं तर ती कचऱ्याचा डबा घ्यायला उठली.

आता तक्रारी, कारण त्या आहेत. हे रेकॉर्डिंग स्पीकरवर ऐकलं तर पोकळ वाटतं, हेडफोनच हवा. पहाटेच्या शांततेत माइकची स्वतःची बारीक सुसू ऐकू येते. रेकॉर्डरच्या माइकवर ती मला कमी जाणवते. ढोलाजवळ उभं राहिलात तर इवलासा माइकच फाटतो, तिथे 32 बिटही वाचवत नाही. तुम्ही मान वळवली की सगळी गल्ली फिरते. आवंढा गिळला की तोही येतो, आणि बोललात तर स्वतःचा आवाज देवळाच्या गाभाऱ्यात बोलल्यासारखा. म्हणून ओळखीचं कुणी भेटलं की मी नुसती मान हलवून पुढे जातो. दोघांनी घरी चौकशी केली, भाऊंना कमी ऐकू येतं का हल्ली? वाऱ्याचं म्हणाल तर थंडीत प्रश्नच नाही. निफाडचा पारा पेपरात झळकायला लागला की मी पातळ लोकरीची कानटोपी चढवतो. तिच्यातून आवाज किंचित बोथट येतो, पण वारा अडतो, आणि कुणाला काही विचित्रही वाटत नाही.

एक गोष्ट मात्र विनोदात घालवण्यासारखी नाही. कुणाचं लक्ष नसतं याचाच अर्थ कुणाला कळतही नाही. त्याच बुधवारच्या रेकॉर्डिंगमध्ये मावशींनी शेजारणीला घरातली एक अडचण सांगितली आहे, आकड्यांसकट. मी दोन हातांवर कोथिंबीर निवडत उभा होतो. ते चार मिनिटं मी पुसून टाकलं. आता ज्यात ओळखू येईल असं बोलणं आहे ते ठेवत नाही, आणि एखादी हाळी कुणाला ऐकवायची असेल तर आधी जिची आहे तिला ऐकवतो. मावशींनी हेडफोन लावून ऐकलं, परत दिला आणि म्हणाल्या, “मागची ती फुलवाली लई किरकिर करते ना?” स्वतःबद्दल काही नाही.

हातात धरलेल्या रेकॉर्डरला हा प्रश्न पडत नाही, तो आपण होऊन सगळ्यांना सांगत असतो. कुणाला हे जास्त महत्त्वाचं वाटलं तर त्याने रेकॉर्डरच घ्यावा, माझी हरकत नाही. देवळातली आरती, काकडआरती, मुलाखत, एका जागी बसून टिपायचं काहीही असेल, तरी रेकॉर्डरच. आणि तसंही कानातल्या माइकला खाली रेकॉर्डर लागतोच, त्यामुळे पहिली खरेदी तीच. घेताना एवढं बघा की त्याच्या माइकच्या छिद्रातून माइकला वीज मिळते का, नाहीतर कानातले माइक मुकेच राहतील. त्यावर दोनेक महिने काढा. तुम्हाला कुणी साहेब म्हणालं नाही, तर पुढचे पैसे वाचले. माझ्या अंदाजाने म्हणतील.

माझं केसाळ टोपरं सध्या माळ्यावर आहे. रेकॉर्डर खिशातून बाहेर निघाला तो गेल्या सहा महिन्यांत दोनदाच, दोन्ही वेळा सेल बदलायला.

रंगपंचमीला मात्र हे सगळं घरी. तिवंधा चौकातल्या रहाडीत, म्हणजे रंगाच्या हौदात, उडी मारताना जो ‘धप्पा’ होतो तो टिपायचा तर जवळ जावं लागतं, आणि जवळ गेलं की तुम्ही कोरडे राहत नाही. त्या दिवशी फोन घेतो, दुधाच्या पिशवीत गुंडाळून, वर रबर. आवाज पिशवीतून आल्यासारखाच येतो, पण धप्पा धप्पाच वाटतो.