बंदी, कुलूप की ठरलेली वेळ? पहिली ते चौथीच्या लेकरांचा मोबाईल

लहान लेकराचे मोबाईल पाहणे हाताबाहेर जाऊ लागले की पालकांपुढे तीन वाटा असतात: मोबाईल पूर्ण बंद करणे, ॲपने कुलूप लावणे किंवा वेळ आणि जागा ठरवून तेवढाच देणे. निवड करण्यापूर्वी घरात फोन किती आहेत आणि संध्याकाळी लेकरापाशी कोण असते, हे आधी पाहावे.

पूर्ण बंदी मराठवाड्यात टिकवणे अवघड आहे. बीडकडचे कितीतरी आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात आणि लेकरे आजीपाशी राहतात; ज्या फोनवर रात्री आईचा चेहरा दिसतो, तो काढून घ्यायचा कसा? शिवाय घरात नाही मिळाला तर शेजारच्या ओसरीवर मिळतोच, आणि तिथे लेकरू काय पाहते हे कोणालाच कळत नाही.

गूगलचे ‘फॅमिली लिंक’ हे कुलूप मोफत आहे. रोजची मर्यादा, झोपेची वेळ आणि नव्या ॲपची परवानगी पालकाच्या फोनवरून ठरवता येत असल्यामुळे दूर ऊसतोडीच्या कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या वडिलांनाही ते उपयोगी पडते. मात्र लेकराचा फोन वेगळा असेल तरच ते नीट चालते. सगळ्या घराला एकच फोन असेल, तर ‘यूट्यूब किड्स’मध्ये टायमर लावणे आणि शोध बंद ठेवणे एवढेच हाती उरते.

माझा कौल तिसऱ्या वाटेला आहे. एका घरी मी दुसरीतला मुलगा जेवताना पाहिला: फोन तांब्याला टेकवलेला, काचेवर वरणाचे ठसे आणि आजी घास भरवते आहे, भाजी कोणती होती, हे त्याला हात धुतल्यावरही सांगता आले नाही. अशा लेकराला मिनिटे मोजणाऱ्या ॲपपेक्षा जेवताना शेजारी बसून बोलणाऱ्या माणसाची गरज जास्त असते. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेच्या सल्ल्यानुसार 5 ते 10 वर्षांच्या मुलांचा स्क्रीनचा वेळ रोज 2 तासांच्या आत असावा. मी तर शाळेच्या दिवशी अर्धा तासच द्यावा म्हणेन, तोही मोठ्या माणसाच्या शेजारी बसून, आणि नंतर फोन देवळीत ठेवावा. उमरगा तालुक्यातल्या जकेकूरवाडीने 2022 मध्ये संध्याकाळी 6 ते 8 टीव्ही आणि मोबाईल बंद ठेवण्याचे ठरवले, ते सगळ्या गावासाठी. घरातही नियम सर्वांना एकच हवा, कारण बाप रील पाहत बसला असेल तर लेकराने फोन खाली का ठेवावा?

पहिले आठ-दहा दिवस रडारड होईल, ती सोसावी. मात्र फोन नसताना लेकरू जेवणच सोडत असेल, झोप उडाली असेल किंवा शाळेला जायलाच नकार देत असेल, तर घरगुती उपायांवर न थांबता 14416 या ‘टेली-मानस’च्या, म्हणजे सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेच्या, मोफत क्रमांकावर बोलावे किंवा जिल्हा रुग्णालयात दाखवावे.