बायो-ऑस की बीटा-टीसीपी?

दाताच्या इम्प्लांटआधी जबड्यात हाड भरायला मी हे दोन्ही पदार्थ वापरते. बायो-ऑस गाईच्या हाडापासूनचं. सेंद्रिय भाग काढून टाकलेला, फक्त खनिज सांगाडा उरलेला. पाव ते एक मिलिमीटरचे दाणे पेशंटच्याच रक्तात भिजवले की ओल्या रव्यासारखे एकमेकांना धरून बसतात. फार हळू विरघळतं, म्हणून हिरडीचा उंचवटा टिकतो. पुढच्या दातांसाठी मी तेच निवडते. महाग आहे, पण तिथे काटकसर नको.

बीटा-टीसीपी, म्हणजे बीटा-ट्रायकॅल्शियम फॉस्फेट, कृत्रिम, लवकर विरघळतं. कधीकधी नवं हाड तयार होण्याआधीच. छोट्या खड्ड्याला पुरतं.

जिवंत पेशी मात्र पेशंटच्या स्वतःच्याच हाडात. ते काढायला दुसरी जखम करावी लागते.

आणि डॉक्टरांनो, ‘गाईचं’ हे पेशंटला आधी सांगाच. माझ्याकडच्या एका आजींनी ऐकताच हात जोडले. त्यांना कृत्रिमच भरलं.