व्हिएन्ना स्टेट ऑपेराचं उभ्याचं तिकीट, आणि त्या शहरातल्या बाकी संध्याकाळी

व्हिएन्नाला गेलेल्या आपल्या बहुतेक लोकांची संध्याकाळ कशी जाते ते मला माहितीये, दिवसभर राजवाडे आणि म्युझियम करून पाय गळ्यात आलेले असतात, मग आठला हॉटेलवर परत, बॅगेतला चिवडा खायचा आणि झोपायचं. प्लीज असं करू नका. ह्या शहराची खरी मजा संध्याकाळी सातनंतर आहे आणि तिला फार पैसे पण लागत नाहीत, हे मी आईला घेऊन चार रात्री फिरून आले म्हणून सांगतेय.

पहिल्या रात्री आम्ही फसलो, ते आधी सांगते. मध्यवर्ती भागात पांढरा विग आणि लाल मखमली कोट घातलेली पोरं तिकिटं विकत उभी असतात, मोझार्टचं कॉन्सर्ट, आजच, शेवटच्या चार सीट्स वगैरे. आम्ही घेतली, दोघींचे शंभरच्या वर युरो गेले. हॉल साधा, आमच्या खुर्च्या पार मागे, आठ-दहा वादक, प्रत्येक रचनेचा एक तुकडा वाजवायचा की लगेच पुढची. वाजवणारे वाईट होते असं अजिबात नाही, पण पर्यटकांसाठी रोज तेच तेच वाजवून त्यांचेच चेहरे कंटाळलेले दिसत होते. आई बाहेर आल्यावर एवढंच म्हणाली, "अगं, ह्यात गाणं कुठे होतं?" मला फार वाईट वाटलं, कारण तिने आयुष्यभर मनापासून गाणं ऐकलंय.

दुसऱ्या दिवशी स्टेट ऑपेराला, म्हणजे गाण्यातून सांगितल्या जाणाऱ्या नाटकांच्या थिएटरला गेलो. इथे उभं राहून ऐकायच्या चारशेहून जास्त जागा आहेत, तिकीट वीस युरोच्या आत, आणि ती प्रयोगाच्या दिवशीच विकायला काढतात (जायच्या आधी त्यांची वेबसाइट बघा, वेळा तिथे असतात). ह्याच प्रयोगाला चांगली सीट घ्यायला गेलात तर दोनशे युरोच्या वर सहज जातात. आणि उभ्याची जागा म्हणजे कुठेतरी खांबामागे असेल असं समजू नका, खालच्या मजल्यावरची उभ्याची जागा बरोबर मधल्या मुख्य बॉक्सच्या खाली आहे, समोर सरळ स्टेज. आम्ही तासभर आधी रांगेत लागलो. आत गेल्यावर पितळी दांड्यांच्या रांगा असतात, तिथे आपली जागा पकडायची आणि दांडीला रुमाल किंवा स्कार्फ बांधून ठेवायचा, मग खुशाल फिरून या, तुमच्या जागेला कोणी हात लावत नाही. आईने तिची ओढणी बांधली. शेजारच्या आजी, रोज येणाऱ्या असाव्यात, त्यांनी गाठ बघून मान डोलावली आणि खुणेने सांगितलं की कोट बाहेर क्लोकरूमला देऊन या, आत चालत नाही.

प्रत्येक जागेसमोर छोटी स्क्रीन असते, इंग्रजीसकट बऱ्याच भाषांमध्ये अर्थ येत राहतो, त्यामुळे इटालियन येत नसलं तरी गोष्ट सुटत नाही. त्या दिवशी 'टोस्का' हा इटालियन ऑपेरा होता. इथे हे नाटक अजूनही १९५८ सालच्या बसवलेल्या प्रयोगात चालतं, तेच नेपथ्य, तीच मांडणी, फक्त गाणारे बदलत जातात. खाली वाजवणारे म्हणजे ऑपेराचा स्वतःचा ऑर्केस्ट्रा, ज्यातून व्हिएन्ना फिलहार्मोनिकचे वादक येतात, म्हणजे जगातलं सगळ्यात नावाजलेलं वाजवणं तुम्ही त्या पैशात ऐकता. गायकांना माइक नसतो. दोन हजारच्या आसपास माणसं आणि एक बाई नुसत्या गळ्यावर शेवटच्या रांगेपर्यंत पोचते. तिसऱ्या अंकात पहाट होते, कैद्याला मारायच्या आधीचा तास, आणि एकटी क्लॅरिनेट सुरू होते, इतकी हळू की आधी कुठून येतेय तेच कळत नाही. मी आईकडे बघितलं तर तिने दांडी दोन्ही हातांनी घट्ट धरलेली आणि डोळे मिटलेले. गाणं संपल्यावर टाळ्या थांबेनात.

आई अडुसष्ट वर्षांची आहे, म्हणून उभं राहायची मला काळजी होती. पण 'टोस्का'ला मध्ये दोन मध्यंतरं होती, तेव्हा सगळे खुशाल पायऱ्यांवर बसतात, आणि दांडीला रेलून उभं राहता येतं. तरी गुडघ्यांचा खरंच त्रास असेल तर वाग्नर वगैरे संगीतकारांचे चार-पाच तासांचे प्रयोग घेऊ नका, छोटा ऑपेरा बघा. बूट सपाट घाला. कपड्यांचं टेन्शन घेऊ नका, नीटनेटके असले की झालं.

मध्यंतरात इमारत बघा. १८६९ ला उघडलं, मार्च १९४५ च्या बॉम्बहल्ल्यात स्टेज आणि प्रेक्षागृह जळून गेलं, पुढचा दर्शनी भाग आणि तो मोठा जिना तेवढा वाचला, आणि १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये पुन्हा सुरू झालं. त्यामुळे जिना सगळा सोनेरी नक्षीचा आणि आतलं प्रेक्षागृह मात्र साधं, हा फरक लगेच जाणवतो. युद्ध संपून दहा वर्षांत लोकांनी ऑपेरा परत उभा केला, हे त्या जिन्यावर उभं राहून वाचताना मला भरून आलं.

बाहेर पडल्यावर हॉटेलवर पळू नका. मागेच अल्बर्टिना म्युझियमजवळ सॉसेजची टपरी आहे, तिथे रेशमी गाऊनवाल्या बायका आणि टॅक्सीवाले एकाच फळीवर ताट ठेवून खात असतात. केझेक्राइनर म्हणजे आत चीजचे तुकडे असलेला सॉसेज, पहिला घास जपून घ्या, गरम चीज उडतं. डुकराचं मांस असतं, शाकाहारी असाल तर आधी विचारा. व्हिएन्नाच्या ह्या टपऱ्यांना २०२४ मध्ये ऑस्ट्रियाच्या सांस्कृतिक वारशाच्या यादीत जागा मिळाली, आणि ते अगदी योग्य झालं.

तिसरी रात्र होयरिगरची, म्हणजे मळेवाल्यांच्या वाइनच्या अंगणाची. शहराच्या कडेला द्राक्षमळे आहेत आणि मळेवाले स्वतःचीच वाइन अंगणात बसवून पाजतात, ही परवानगी सम्राट दुसऱ्या जोसेफने १७८४ मध्ये दिलेली. दारावर हिरवी फांदी टांगलेली असली की चालू आहे असं समजायचं. ग्रिन्सिंगला ३८ नंबरची ट्राम जाते पण तिथे टुरिस्ट बसेस फार, आम्ही डी ट्रामने नुसडॉर्फला गेलो आणि ते जास्त शांत निघालं. खाणं काउंटरवरून आपणच आणायचं, लिप्टाउअर नावाचं पॅप्रिका घातलेलं चीज ब्रेडला लावून आईला इतकं आवडलं की दोनदा आणलं. ती वाइन पीत नाही, तिने द्राक्षाचा रस घेतला, कोणी आग्रह केला नाही. लाकडी बाक, वर अक्रोडाचं झाड, शेजारच्या टेबलावर आख्खं कुटुंब पत्ते खेळत बसलेलं.

प्राटरचं जायंट व्हील १८९७ चं आहे, रात्री छान दिसतं, हळूहळू फिरतं, एकदा बसा, बाकी जत्रा लहान मुलं असतील तरच. तरुण मंडळींना नाचायचं असेल तर गुर्टेल रोडला जा, मेट्रोच्या यू६ लाइनखालच्या जुन्या विटांच्या कमानींमध्ये बार आणि लाइव्ह म्युझिकच्या जागा आहेत, मी फक्त बाहेरून बघितल्या, गर्दी चांगली होती. शुक्रवार-शनिवार मेट्रो रात्रभर चालते, बाकी दिवशी एन नंबरच्या बसेस, आणि आम्ही दोघी बायका रात्री अकराला आरामात परतलो, कुठेही भीती वाटली नाही.

एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, जुलै-ऑगस्टमध्ये ऑपेरा बंद असतो, आणि आपले लोक नेमके कधीकधी तेव्हाच जातात. मग सिटी हॉलसमोरच्या चौकात जा, उन्हाळ्यात तिथे मोठ्या पडद्यावर ऑपेरा आणि कॉन्सर्टच्या फिल्म फुकट दाखवतात, बाजूला खाण्याचे स्टॉल. एप्रिल ते जून आणि सप्टेंबरमध्ये कितीतरी संध्याकाळी आत चाललेला प्रयोग ऑपेराच्या बाहेरच्या स्क्रीनवर लाइव्ह असतो, त्याला पण तिकीट नाही.

चौथ्या रात्री खरं तर बॅग भरायची होती. दुपारी कॉफी पिताना आईनेच विचारलं, "आज तिथे काय आहे?" तिथे जवळपास रोज वेगळा प्रयोग असतो. पाच वाजता आम्ही परत रांगेत होतो, ओढणी तिने सकाळीच पर्समध्ये घालून ठेवली होती.