ऑक्सफर्ड ॲडव्हान्स्ड लर्नर्स डिक्शनरी: घ्यायच्या आधी ‘विंड’ काढून बघा

इंग्रजी डिक्शनरी घ्यायला सोलापुरात नवी पेठेत गेलात तर दुकानातच एक शब्द काढून बघा, विंड. विंड म्हणजे वारा हे दुसरीतलं पोरगंपण सांगतं, पण या डिक्शनरीत हा शब्द दोनदा दिलाय, स्पेलिंग सेम टू सेम आणि उच्चार वेगळा. एक विंड, वारा. दुसरा वाइंड, म्हणजे गुंडाळणं, किल्ली देणं, रस्ता किंवा नदी वळणं घेत जाणं. आता हा दुसरा आपल्याला कुठं नवीन आहे, कारखान्यात सुताच्या कांड्या भरतात ते वाइंडिंग, आणि मे महिन्यात कूलरची मोटर जळली की आपण जातो ते पण वाइंडिंगवाल्याकडंच. तरी पूर्व भागातली, म्हणजे आपल्या विणकर वस्तीतली पोरं, ज्यांच्या घरात हा शब्द रोज कानावर पडतो, ती पुस्तकात आलं की ‘विंडिंग रोड’ वाचतात, कारण हा तोच शब्द आहे हे त्यांना कुणी दाखवूनच दिलेलं नसतं. इथं ते एका पानावर दिसतं. भूतकाळ वाउंड, आणि तेच स्पेलिंग जखमेचं असेल तर वूंड, हे पण कळतं.

बरं, वारा म्हणून जो विंड आहे त्याचेच किती अर्थ. पोटातला गॅस म्हणजे ब्रिटिश लोकांचा विंड, बासरी-सनईसारखी फुंकून वाजवायची वाद्यं ती विंड इन्स्ट्रुमेंट्स, पोटात बॉल बसून श्वास कोंडला तर माणूस विंडेड. गेट विंड ऑफ म्हणजे कुणकुण लागणं. आणि दुसऱ्या वाइंडकडं बघाल तर कंपनी वाइंड अप केली म्हणजे गाशा गुंडाळला. बहुतेक अर्थांना उदाहरणाचं वाक्य आहे, मला सगळ्यात जास्त हेच आवडलं.

हे पुस्तक मुळात इंग्रजी शिकणाऱ्या परदेशी लोकांसाठीच केलेलं, ते करणारे हॉर्नबी जपानमध्ये इंग्रजी शिकवायचे, पहिल्यांदा 1942 ला टोकियोत छापलं आणि 1948 पासून ऑक्सफर्डनं. म्हणून अर्थ साध्या, साधारण 3000 नेहमीच्या शब्दांत सांगितलेत. मराठी अर्थ अजिबात नाहीत, पण सोलापुरात घरी तेलुगू नाहीतर कन्नड आणि बाहेर मराठी बोलणारी इतकी मुलं आहेत की त्यांना हेच बरं पडतं असं माझं मत आहे.

जाडजूड आहे, दप्तरात न्यायचं काम नाही. उच्चाराच्या खुणा आधी शिकून घ्याव्या लागतात, त्याशिवाय विंड आणि वाइंडमधला फरक कागदावर कळणार नाही. तोवर ऑक्सफर्ड लर्नर्सच्या वेबसाइटवर शब्द फुकट ऐकता येतो, ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही. अकरावीच्या पुढच्यांनी, नर्सिंगवाल्यांनी, परीक्षा देणाऱ्यांनी डोळे झाकून घ्या. पाचवी-सहावीच्या पोरांना सध्या इंग्रजी-मराठीच द्या.