लिआट गेल्यावरचं वर्ष: एका मिक्सरच्या भांड्याचा प्रवास

लिआट म्हणजे कॅरिबियन बेटांना जोडणारी आमची जुनी विमान कंपनी. ती बंद पडल्यावरच्या विमानप्रवासाचं हे परीक्षण लिहायला घेतलं जून 2024 मध्ये, रागात, दोन स्टार द्यायचे ठरवून. मग अर्धवट राहिलं आणि मध्ये मत थोडं बदललं, तेही खाली आलंय. विमानं कोणती, सीट किती, हे इथे राहणाऱ्यांना सांगायला नको.

मी डॉमिनिकात, रोझोला मेडिकल कॉलेजात शिकवतो. बायकोची नोकरी अँटिगात. संसार दोन बेटांवर, आणि लिआट होती म्हणून तो चालत होता. शुक्रवारी शेवटचा तास उरकून निघायचो. उड्डाण चाळीसेक मिनिटांचं, खाली ग्वादलूपचा ज्वालामुखी दिसला की अर्धं अंतर संपलं. रोझोहून डग्लस-चार्ल्स विमानतळावर पोचायलाच डोंगरातून त्याहून जास्त वेळ लागतो.

लिआटची (LIAT) सगळे टिंगल करायचे, नावातल्या अक्षरांचे अर्थ लावून. 'लीव्ह आयलंड एनी टाइम', 'लगेज इन अनदर टर्मिनल'. मीही हसायचो. आता हसू येत नाही. 1956 मध्ये माँटसेराटवर एका छोट्या विमानाने सुरू झालेली कंपनी कोविडमध्ये कोलमडली, शेकडो लोक घरी बसले, त्यांच्या थकलेल्या पैशांचा वाद वर्षानुवर्षं चालला. मधे थोडी सेवा पुन्हा चालू झाली होती, तीही 24 जानेवारी 2024 ला थांबली.

त्यानंतर जे मिळेल ते. थेट जागा मिळाली तर नशीब, नाहीतर बार्बाडोसमार्गे. म्हणजे उत्तरेला जायचं म्हणून आधी दक्षिणेला जायचं. द्राविडी प्राणायाम म्हणतात तो हाच. पोर्तो रिकोतल्या सान हुआनवरून जावं तर ते अमेरिकेचं, म्हणजे अमेरिकेचा व्हिसा. बोट आहे, पण ती ग्वादलूपला जाते, आणि ते पडलं फ्रान्सचं, भारतीय पासपोर्टला तिथेही व्हिसा. शनिवार-रविवारच्या सुट्टीतला शनिवार विमानतळावर जातो. तिकिटाची फोड एकदा नीट वाचून बघा, करांची आणि शुल्कांची यादी वाण्याच्या यादीएवढी लांब असते. चाळीस मिनिटांसाठी एवढे पैसे मोजताना माझा हात अजूनही थरथरतो.

आता मुख्य मुद्दा, भांडं.

बायकोने भारतातून मिक्सरचं चटणीचं भांडं आणलं होतं, माझ्या जुन्याचं वायसर गेलं म्हणून. अँटिगाहून निघताना ते हातातल्या पिशवीत घेतलं. तपासणीत म्हणाले, पातं आहे, वर नेता येणार नाही. बरोबरच आहे. म्हणून बॅगेत टाकून बॅग काउंटरवर दिली. विमान छोटं, तिथल्या बाईंनी आधी बॅग वजनावर ठेवली, मग मलाही उभं केलं, आणि गोड आवाजात सांगितलं, "बॅग उद्या येईल, डॉक." कंपनीचं नाव लिहीत नाही, परत त्याच काउंटरवर उभं राहायचंय.

उद्या म्हणता म्हणता नऊ दिवस गेले. रोज फोन. बॅग आली तेव्हा तिच्या हँडलला तीन चिठ्ठ्या, त्यातली एक सांतो दोमिंगोची, म्हणजे डॉमिनिकन रिपब्लिकच्या राजधानीची! डॉमिनिका वेगळं आणि डॉमिनिकन रिपब्लिक वेगळं, हे मी आईला दहा वर्षं समजावतोय, पण विमानतळावर समजावावं लागेल असं वाटलं नव्हतं. ऑगस्ट 2022 मध्ये आपल्या टीमचं सामान त्रिनिदादहून वेळेत न आल्याने सेंट किट्सची टी-ट्वेंटी तीन तास उशिरा सुरू झाली होती, ते आठवलं. रोहित शर्माचं सामान अडकतं तिथे माझ्या भांड्याला कोण विचारतो.

राग फक्त बॅगेचा नव्हता. लिआटची 'क्विकपॅक' होती, सकाळी दिलेलं पाकीट त्याच दिवशी पलीकडच्या बेटावर. कागदपत्रं, गाडीचा सुटा भाग, औषधं, काहीही. आमच्या घरमालकीणबाई सत्तरीच्या, धाकटी बहीण अँटिगात. पूर्वी रविवारी बहिणीसोबत चर्चला जाऊन सोमवारी परत यायच्या. जानेवारीनंतर एकदाही गेल्या नाहीत. फोनवर बहिणीला गवती चहाचं रोप दाखवतात, पूर्वी तेच ओल्या कागदात गुंडाळून मांडीवर घेऊन जायच्या.

आता बदललेलं मत. ऑगस्ट 2024 मध्ये अँटिगा सरकार आणि नायजेरियाची एअर पीस यांनी मिळून लिआट 2020 सुरू केली, पुढे ती आमच्याकडेही यायला लागली. मी नाक मुरडलं होतं. जुनी कंपनी चार-चार सरकारांची मालकी असून टिकली नाही, ही काय टिकणार. पण माझ्या चार फेऱ्या झाल्या, चारही वेळा बॅग माझ्यासोबतच उतरली. पंख्याचं विमान जाऊन जेट आलंय, त्यामुळे ज्वालामुखी नीट बघायच्या आत मागे पडतो, ही एक तक्रार. रोज उड्डाण नाही, ही खरी तक्रार. आजारी माणसाला वाराप्रमाणे आजारी पडता येत नाही.

तरी साडेतीन स्टार. चार दिले असते, पण स्वस्त नाही.

भांड्याचं विचाराल तर ते उत्तम चालतंय. झाकण मात्र अँटिगातच, बायकोच्या कपाटात राहिलंय. चार फेऱ्यांत चारही वेळा विसरलो. वर ताटली दाबून धरतो आणि चटणी वाटतो.