गॅरेजमधलं वर्कशॉप: दहा महिन्यांनंतरचा हिशेब

गेल्या खंडेनवमीला आमच्या गॅरेजमध्ये पहिल्यांदा हत्यारांची पूजा झाली. ड्रिल, ग्राइंडर आणि २४ लिटरचा लालभडक कम्प्रेसर, तिघांनाही झेंडूच्या माळा. आता श्रावण चालू आहे आणि कम्प्रेसरवर माझा रेनकोट वाळतोय. दहा महिन्यांत त्याचा झालेला सगळ्यात नियमित उपयोग हाच.

जागा तळेगाव दाभाड्याची. रो-हाउसचं गॅरेज १० बाय १८ फूट. हॅचबॅक लावली की मागे पाचेक फूट उरतात, तेवढ्यात बाक, कपाट आणि मी. कामं घरगुतीच: गाडीचं ऑइल आणि फिल्टर, जुन्या बाइकची चेन, ब्रेक-शू, पोरांच्या सायकली, अधूनमधून लाकडाचं किंवा पट्टी-अँगलचं काहीतरी. खर्चाची मर्यादा ४० हजार ठरवली होती, त्यातले २० मी मशीनवर उडवले. मशीन घेताना जी मजा येते ती वायर घेताना येत नाही, दुसरं काय.

कम्प्रेसर घेतला तो इम्पॅक्ट गनने, म्हणजे दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ठोके देणाऱ्या पान्याने, चाकांचे नट सोडवायचे म्हणून. पहिल्या नटाला गनने दोन-तीन सेकंद गुरगुर केली आणि टाकी ओस पडली. गनला नुसता दाब पुरत नाही, हवेचा सतत पुरवठा लागतो, आणि एक हॉर्सपॉवरचा छोटा कम्प्रेसर तो देऊ शकत नाही. हे दुकानदाराने सांगितलं नाही, पण मीही विचारलं नव्हतं. त्यात हा ऑइल-फ्री प्रकार, म्हणजे आवाज असा की शेजारच्या काकू गच्चीवरून डोकावतात. टायरमध्ये हवा भरायला, चेन आणि फिल्टरवरची धूळ उडवायला उत्तम. तेवढ्यासाठी साडेआठ हजार जास्तच.

त्याहून मोठी फजिती वेगळीच. मधूनमधून तो चालूच होईना, नुसता घुंऽऽ करून थांबायचा. मोटर गेली असं धरून मी तक्रार लिहायला बसलो होतो. गल्लीत एक काका राहतात, भोसरीच्या कारखान्यात तीस वर्षं फिटर होते. त्यांनी मशीनकडे पाहिलंच नाही, माझ्या एक्स्टेंशनच्या वायरीला हात लावला. "अरे, ही तापलीय बघ. मशीनला दोष कशाला देतोस? तिच्यापर्यंत वीज पोचू तर दे." लांबलचक, बारीक वायर, त्यातून अर्धी गुंडाळलेली. सुरू होताना मोटर एकदम मोठा करंट ओढते आणि अशा वायरीत व्होल्टेज पडतं. शिवाय गुंडाळलेल्या वायरीची उष्णता बाहेर पडत नाही, ती वितळायचीच भीती. मग इलेक्ट्रिशियनकडून मीटरपासून गॅरेजपर्यंत अडीच स्क्वेअर एमएमची तांब्याची वेगळी लाइन ओढून घेतली, १६ अँपिअरचे दोन पॉइंट, एमसीबी (जादा करंट गेला की पडणारा स्विच) आणि ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी (वीज गळून शॉक बसू लागला की पुरवठा तोडणारी). पावसाळ्यात ओल्या फरशीवर ग्राइंडर धरायचा असेल तर ही शेवटची वस्तू चैन म्हणून मोजू नका. दुसऱ्या दिवसापासून कम्प्रेसर पहिल्या फटक्यात सुरू होतोय. गन अजूनही गुरगुरते.

काकांचीच दुसरी कृपा म्हणजे वाइस, बाकावर बसवायचा, वस्तू जबड्यात घट्ट धरणारा शिकंजा. "धरायला काही नाही आणि कापायला तीन मशीन!" असं म्हणाले आणि मी मुकाट्याने लोकलने शिवाजीनगर गाठून पुण्याच्या बोहरी आळीत, हत्यारांच्या बाजारात, गेलो. पाच इंची, ओतीव लोखंडाचा, साडेतीन हजारांचा वाइस. परत येताना पिशवीचा बंद तुटला तो भाग सोडून देतो. बसवला, कानस चालवली, आणि पंधरा मिनिटांत कंबर धरली. बाक मी स्वयंपाकाच्या ओट्याच्या उंचीचा करून घेतला होता. काकांनी मला सरळ उभं केलं, मूठ हनुवटीखाली टेकवायला लावली आणि म्हणाले, "कोपर आलंय ना, तिथे वाइसचा जबडा हवा." आयटीआयमध्ये पहिल्या आठवड्यात शिकवतात म्हणे. बाकाच्या पायांखाली तीन इंची सागवानी ठोकळे दिले. तेव्हापासून सगळ्यात जास्त वापरली गेलेली वस्तू हीच. पाइप कापणं, बेअरिंग बसवणं, सुरी लावणं, परवा तर नारळसुद्धा.

पान्यांबाबत माझं मत आता ठाम आहे: आकड्यांना भुलू नका. मी घेतलेला सॉकेट सेट १०८ नगांचा. वापरात त्यातले वीस. बाकी बिटं आणि जोडण्या पेटीत नुसत्या खुळखुळतात. गोट्या, म्हणजे ती सॉकेटं, बाराकोनी आणि ढिल्या. बाइकच्या ऑइलचा ड्रेन बोल्ट घट्ट होता, मी जोर लावला आणि त्याचे कोपरे गुळगुळीत. बाराकोनी गोटी बोल्टच्या कोपऱ्यांजवळ पकडते, सहाकोनी सपाट बाजूंवर दाबते, त्यामुळे जुन्या, गंजक्या बोल्टसाठी सहाकोनीच बरी. नंतर ८, १०, १२, १३, १४, १७ आणि १९ अशा सहाकोनी गोट्या सुट्ट्या घेतल्या. रिंग आणि फिक्स पान्यांचे सेट टपारियाचे घेतले, नाशिकच्या सातपूरचा माल. दहा महिन्यांत एकाचंही तोंड फाकलेलं नाही. १० नंबरची गोटी हरवलीच. पंधरा दिवसांनी बॅटरीखाली सापडली.

ग्राइंडर चार इंची, चांगला आहे. गार्ड काढून वापरणारे बरेच पाहिलेत, मी काढत नाही. डिस्क घेताना मधल्या धातूच्या कड्यावरची मुदतीची तारीख वाचा. मला एकाने स्वस्तात दिलेल्या दहापैकी सहा डिस्क मुदत संपलेल्या निघाल्या. ड्रिल ठीक, त्यावर सांगण्यासारखं काही नाही. टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोरानेच नट आवळायचा पाना, हौस म्हणून घेतला होता, पण चाकांचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळल्यावर जो निवांतपणा येतो तो वेगळाच. काम झाल्यावर तो सर्वांत खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा, नाहीतर आतली स्प्रिंग दमते. दोन टनांचा ट्रॉली जॅक घ्याल तेव्हा त्याच बिलावर उचललेली गाडी टेकवायच्या स्टँडची जोडीही घ्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर गाडीखाली जाऊ नका, पाच मिनिटांसाठीही नाही.

आता पाऊस. तळेगावची हवा जुलैत इतकी दमट की वाइसचा जबडा, ड्रिलचा चक आणि गुण्या (काटकोन तपासायची पट्टी), तिघांवर आठवड्यात तांबूस थर. दर रविवारी तेलाचं फडकं फिरवतो. कानशींना मात्र तेल नाही, तेलकट कानस घसरते, म्हणून त्या कापडात गुंडाळून बंद कपाटात. कम्प्रेसरच्या टाकीत हवेतल्या ओलाव्याचं पाणी साचतं, ते सोडायचा टाकीखालचा कॉक मी चार महिने उघडलाच नव्हता. उघडला तेव्हा कपभर चहाच्या रंगाचं पाणी आलं, आणि नंतर कॉक पुरता बंद होईना.

बाकावर २० वॅटच्या दोन एलईडी ट्यूब, एक समोर आणि एक पाठीमागे, हे सगळ्यात शेवटी सुचलं. एकच होती तोवर मी माझ्याच सावलीत काम करत होतो.

कम्प्रेसर काढायचा विचार आहे. फक्त टायरमध्ये हवा भरणाऱ्यासाठी झकास वस्तू, पंधरा तासही चाललेला नसेल. कॉक नवा टाकलाय. गन फुकट देईन.